वजनकाट्यावरील आकडा थेट तक्त्यात : पिको बोर्डाला यूएसबी कळफलक बनविण्याची पद्धत

हजार दाण्यांचे वजन ठरविताना आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघटनेच्या, म्हणजे इस्टाच्या, नियमांनुसार शंभर दाण्यांचे आठ नमुने स्वतंत्रपणे तोलले जातात आणि त्यांच्या सरासरीस दहाने गुणले जाते. चाचणीत २४ वाण आणि ३ पुनरावृत्त्या असतील तर केवळ या एका गुणधर्मासाठी ५७६ वजने घ्यावी लागतात. काट्यावर आकडा दिसतो, तो प्रयोगवहीत उतरतो आणि नंतर संगणकावरील तक्त्यात जातो. प्रत्येक आकडा अशा रीतीने दोनदा नकलला जातो.

नकलताना होणारी सर्वांत फसवी चूक अंकांच्या अदलाबदलीची. गव्हाच्या एका नमुन्याची आठ वजने ४.१३२, ४.१०४, ४.१४७, ४.०८१, ४.११९, ४.१५८, ४.०९३ आणि ४.११० ग्रॅम आहेत असे समजू. सरासरी ४.११८, म्हणून हजार दाण्यांचे वजन सुमारे ४१.२ ग्रॅम. आता पहिला आकडा ४.१३२ ऐवजी ४.३१२ असा लिहिला गेला, तर उत्तर ४१.४ ग्रॅम येते. इस्टाच्या नियमांत आठ वजनांचा विचरण गुणांक गव्हासारख्या बियाण्यासाठी ४ टक्क्यांच्या आत असावा अशी कसोटी आहे. मूळ आकड्यांचा गुणांक ०.६ टक्के होता, चुकीच्या आकड्यासह तो १.८ टक्के होतो. कसोटी पार पडते आणि चूक तशीच अहवालात जाते. दोन वाणांतील फरक दोन-तीन दशांश ग्रॅमचाच असेल, तर वाणांचा क्रम बदलण्यास एवढे पुरेसे आहे.

अनेक कृषी विज्ञान केंद्रांच्या व बीज प्रयोगशाळांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यांना मागील बाजूस आरएस-२३२ जोडणी असते आणि बहुधा तिचा उपयोग केला जात नाही. या जोडणीतून बाहेर पडणारा आकडा एका लहान मायक्रोकंट्रोलर बोर्डाने वाचावा आणि तो बोर्ड यूएसबीद्वारे संगणकाला कळफलक म्हणून जोडावा, अशी ही योजना आहे. काट्याची अचूकता जशी आहे तशीच राहते. बोर्ड केवळ आकडा वाहून नेतो.

संगणक काय विचारतो

यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या रचनेत इंटेल कंपनीतील अभियंते अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. या मानकातील एक तत्त्व आरंभीच ध्यानात घ्यावे. उपकरण स्वतःहून काही बोलत नाही. संगणक विचारतो, उपकरण उत्तर देते. कळ दाबल्याची वार्तादेखील कळफलक पाठवीत नाही. संगणक दर काही मिलिसेकंदांनी चौकशी करतो, तेव्हा ती दिली जाते.

येथे वापरलेल्या बोर्डाच्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : पाच व्होल्टचा पुरवठा, भूतार आणि माहितीच्या दोन तारा. १२ मेगाबिट वेगाचे उपकरण माहितीची धन तार दीड किलोओहमच्या रोधातून वर खेचते, त्यावरून काहीतरी जोडले गेल्याचे संगणकाला कळते. मग प्रश्नोत्तरे सुरू होतात. संगणक प्रथम १८ बाइटांचा उपकरण-डिस्क्रिप्टर मागतो. त्यात उत्पादक क्रमांक, उत्पादन क्रमांक, आवृत्ती इत्यादी माहिती असते. उपकरणाला १ ते १२७ मधील एक पत्ता दिला जातो. त्यानंतर उपकरणात कोणकोणती कामे सामावली आहेत, त्यासाठी माहितीचे कोणते मार्ग लागतील, वीज किती लागेल हे सांगणारा दुसरा डिस्क्रिप्टर मागितला जातो. हा परिचय पूर्ण होऊन मान्य होईपर्यंत उपकरणाने १०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक वीज घ्यावयाची नसते.

स्वतःचे यूएसबी उपकरण घडविणे म्हणजे मुख्यतः हा परिचय लिहिणे होय. बोर्ड तोच, तारा त्याच; परिचय बदलला की संगणकाची वागणूक बदलते.

कोणते रूप घ्यावे

बोर्डाला पेन ड्राइव्हचे रूप देता येते, म्हणजे आकडे फाइलीत साठतील. परंतु एकाच फाइल-व्यवस्थेत बोर्ड आणि संगणक दोघेही लिहू लागले तर ती बिघडते. शिवाय अनेक शासकीय कार्यालयांत पेन ड्राइव्ह बंद केलेले असतात. आभासी सिरियल पोर्ट हे रूप तांत्रिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ आहे. विंडोज १० पासून त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही; मात्र पोर्टवरून आकडे वाचून तक्त्यात भरणारा कार्यक्रम संगणकावर बसवावा लागतो आणि त्याची अनुमती कार्यालयीन संगणकावर बहुधा मिळत नाही. सर्वस्वी वेगळ्या जातीचे उपकरण बनविले तर ड्रायव्हरचा प्रश्न अधिकच वाढतो.

कळफलक मात्र विंडोज, लिनक्स वा अँड्रॉइड अशा कोणत्याही व्यवस्थेस ठाऊक असतो. काही बसवावे लागत नाही. विस्तार कार्यकर्त्याच्या हाती येणाऱ्या संगणकांचा विचार करता हेच रूप व्यवहार्य ठरते, असे आमचे मत आहे. त्याची एक किंमत आहे आणि ती आधीच समजून घ्यावी. कळफलकाला समोरचे दिसत नाही. कर्सर तक्त्यात आहे की ई-मेलमध्ये, अंक उमटला की गळला, हे त्याला कळत नाही. म्हणून पडताळणीची सर्व सोय बोर्डाच्या कार्यक्रमात आणि तक्त्याच्या रचनेत करून ठेवावी लागते. पुढील विवेचनाचा बराचसा भाग त्याविषयी आहे.

जोडणी

रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आला. त्यावरील आरपी२०४० या चिपमध्येच यूएसबीचे मंडल आहे, त्यामुळे वेगळी चिप लागत नाही. काट्याची आरएस-२३२ जोडणी पिकोच्या पिनांना सरळ लावू नये. तिचा विद्युतदाब धन व ऋण असा दोन्ही बाजूंनी अनेक व्होल्टपर्यंत जातो आणि पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत, चिप जळेल. मध्ये मॅक्स३२३२ ही पातळी बदलणारी लहान पट्टी घालावी. तिला पिकोच्या ३६ क्रमांकाच्या पिनेवरून ३.३ व्होल्ट द्यावे, भूतार भूतारेस जोडावी आणि तिच्याकडून येणारा संदेश पिकोच्या २ क्रमांकाच्या पिनेस, म्हणजे जीपी१ ला, द्यावा. पट्टीवरील टीएक्स-आरएक्स ही अक्षरे सर्व विक्रेते एकाच अर्थाने छापत नाहीत. आकडे येत नसतील तर प्रथम या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी. काट्याकडील केबल सरळ हवी की उलटसुलट हे काट्याच्या पुस्तिकेत दिलेले असते, तसेच संदेशाचा वेगही. २४०० किंवा ९६०० हे वेग नेहमी आढळतात.

यूएसबी केबलबद्दल एक सूचना. मोबाइलसोबत येणाऱ्या काही स्वस्त केबली केवळ चार्जिंगच्या असतात, त्यांत माहितीच्या तारा नसतात. बोर्डाला वीज मिळते पण संगणकाला तो दिसत नाही, आणि दोष कार्यक्रमात शोधण्यात दिवस जातो.

कार्यक्रम भरणे

फाइलींची व आज्ञांची नावे पुढे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीत लिहावयाची आहेत. पिकोवरील बूटसेल बटण दाबून धरून बोर्ड संगणकास जोडला की तो पेन ड्राइव्हसारखा दिसू लागतो. त्यावर सर्किटपायथनची पिकोसाठीची यूएफ२ फाइल टाकावी. बोर्ड स्वतः पुन्हा सुरू होतो आणि आता त्यावरील 'कोड.पीवाय' या फाइलीत लिहिलेला कार्यक्रम चालतो. कळफलकाच्या कामासाठी 'अ‍ॅडाफ्रूट_एचआयडी' हा ग्रंथालय-संच 'लिब' फोल्डरमध्ये ठेवावा.

सर्किटपायथनमध्ये पिको आरंभी एकाच वेळी पेन ड्राइव्ह, सिरियल पोर्ट, कळफलक, माउस व संगीतवाद्य अशी अनेक रूपे घेऊन येतो. पेन ड्राइव्हला मज्जाव असलेल्या संगणकावर हे चालणार नाही. परिचय बदलण्याचे स्थान म्हणजे 'बूट.पीवाय' ही फाइल. ती संगणकाशी प्रश्नोत्तरे सुरू होण्यापूर्वी चालते. तीत 'स्टोरेज.डिसेबल_यूएसबी_ड्राइव्ह', 'यूएसबी_सीडीसी.डिसेबल' आणि 'यूएसबी_मिडी.डिसेबल' या आज्ञा द्याव्यात आणि 'यूएसबी_एचआयडी.इनेबल' मध्ये केवळ कळफलक ठेवावा. परंतु ड्राइव्ह कायमचा बंद केला तर उद्या कार्यक्रम दुरुस्त कसा करणार? यासाठी एका पिनेला लहान बटण लावावे आणि जोडतेवेळी ते दाबलेले असेल तर ड्राइव्ह बंद न करता पुढे जावे, अशी अट त्याच फाइलीत आरंभी लिहावी. 'बूट.पीवाय'मधील बदल केबल काढून पुन्हा जोडल्यावरच लागू होतो, केवळ फाइल जतन केल्याने नाही.

अंक कसा टंकित होतो

कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाही, कळेचा क्रमांक पाठवितो. प्रत्येक वार्ता आठ बाइटांची असते. पहिल्या बाइटात शिफ्ट, कंट्रोल इत्यादी, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक. वरच्या ओळीतील १ या कळेचा क्रमांक ३०, ९ चा ३८, शून्याचा ३९, एंटरचा ४०, टॅबचा ४३ आणि टिंबाचा ५५ आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, लागोपाठ येणाऱ्या समान अंकांची. ४.११० टंकित करताना दोनदा १ ची कळ दाबावी लागते. दोहोंच्या मध्ये 'कोणतीही कळ दाबलेली नाही' अशी रिकामी वार्ता गेली नाही, तर संगणकाच्या दृष्टीने कळ दाबलेलीच राहते आणि दुसरा १ गळतो. तक्त्यात ४.१० उमटते आणि ते अगदी खरे वाटते. वर सांगितलेला संच प्रत्येक अंकानंतर ही रिकामी वार्ता पाठवितो. ज्यांना सी भाषेत टायनीयूएसबी वापरून स्वतः लिहावयाचे असेल त्यांनी ती विसरू नये. कळ दाबल्यावर कार्यक्रम अडकला तर याच्या उलट घडते. संगणक तोच अंक पुन्हापुन्हा उमटवीत राहतो. म्हणून टंकनाचा भाग 'ट्राय' आणि 'फायनली' यांत ठेवून शेवटी 'रिलीज_ऑल' ही आज्ञा द्यावी.

दुसरी गोष्ट लिपीची. क्रमांक कळेचा असल्यामुळे उमटणारे अक्षर संगणकावरील भाषेच्या मांडणीवर अवलंबून असते. काट्याकडून येणारा ग्रॅमचा इंग्रजी 'जी' तसाच पुढे पाठविला आणि संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट सुरू असेल, तर तक्त्यात ऱ्हस्व उकार उमटेल. इनस्क्रिप्टच्या काही मांडण्यांत अंकही भारतीय लिपीत उमटतात आणि तक्ता त्यांस संख्या मानीलच असे नाही. बोर्डाने अक्षरे मुळीच पाठवू नयेत. अंक, टिंब, टॅब आणि एंटर एवढेच पाठवावे, आणि वजने घेण्यापूर्वी संगणकाची भाषा इंग्रजी करावी. गुजरात, कर्नाटक किंवा तेलंगणातील केंद्रांतही हाच प्रश्न येतो. लिपी तेवढी बदलते.

कोणता आकडा पाठवावा

काट्यावरील प्रिंट कळ दाबली की बहुतेक काटे एक ओळ पाठवितात. ओळीत चिन्ह, अंक, एकक आणि बऱ्याच काट्यांत आकडा स्थिर झाला की नाही याची खूण असते. बोर्डाने ओळ पूर्ण आली आहे का, लांबी योग्य आहे का, एकक ग्रॅमच आहे का आणि खूण स्थिरतेची आहे का हे तपासावे. एकही अट न जुळल्यास काही टंकित करू नये, बोर्डावरील दिवा तीनदा लुकलुकवावा. संशयास्पद आकडा पाठवून तो पुढे कोणीतरी दुरुस्त करील या भरवशावर राहण्यापेक्षा आकडा न पाठविणे बरे.

आकड्याचे संख्येत रूपांतर करू नये. अंकांची माला जशी आली तशीच पुढे द्यावी, म्हणजे बोर्डाच्या अंतर्गत गणिताने शेवटचे स्थान बदलण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रत्येक वजनासाठी तीन घरे भरावीत असे आम्ही सुचवितो. पहिल्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात ग्रॅममधील वजन, तिसऱ्यात तेच वजन टिंब वगळून, म्हणजे मिलिग्रॅममध्ये. ४.१३२ साठी बोर्ड '१, टॅब, ४.१३२, टॅब, ४१३२, एंटर' असे टंकित करील. टॅबने पुढे जाऊन एंटर दाबले की तक्त्याचा कर्सर पुढील ओळीच्या पहिल्या घरात येतो. चौथ्या घरात दुसऱ्यास एक हजाराने गुणून, पूर्णांकात आणून, तिसऱ्याशी तुलना करणारे सूत्र ठेवावे. एखादा अंक गळला वा दुबार आला तर ते घर लगेच दाखविते. अनुक्रमांक बोर्ड स्वतः वाढवितो; मध्येच क्रम तुटला तर एखादी ओळ दुसऱ्या खिडकीत टंकित झाली असे समजावे, आणि पुन्हा १ पासून सुरू झाला तर केबल निघाली होती असे. एका ओळीत सुमारे पंधरा कळा, प्रत्येकीच्या दोन वार्ता आणि दोन वार्तांत आठ मिलिसेकंदांचे अंतर धरले तरी ओळ पाव सेकंदात पूर्ण होते.

वाण वा वाफ्याचा क्रमांक बोर्डाकडून घेऊ नये. तो तक्त्यात आधीच छापून ठेवावा. तेथेही '२-३' असे लिहू नये, कारण तक्ता त्याची तारीख करतो. दुसऱ्या स्तंभास तीन दशांश स्थळांचे स्वरूप द्यावे, अन्यथा ४.११० हे ४.११ दिसेल.

संमतीची कळ

संगणक कळफलकाला एकच निरोप उलट पाठवितो : नम लॉक, कॅप्स लॉक इत्यादींचे दिवे लावण्याचा. त्याचा येथे चांगला उपयोग होतो. विंडोजमध्ये मूळ कळफलकावर कॅप्स लॉक लावले की हा निरोप जोडलेल्या इतर कळफलकांनाही जातो. कॅप्स लॉक लागलेले असेल तरच बोर्डाने टंकन करावे, अशी अट 'एलईडी_ऑन' या कृतीने घालता येते. अंक, टॅब व एंटर यांवर कॅप्स लॉकचा परिणाम होत नाही. वजने घेणाऱ्याने तक्ता उघडला, कर्सर ठेवला, कॅप्स लॉक लावले, की बोर्डाला अनुमती मिळाली. दूरध्वनी आला आणि दुसरे काही लिहावयाचे झाले तर कॅप्स लॉक काढावे.

अशी अट आणखी एका कारणासाठी हवी. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि जेकब लेल यांनी यूएसबी उपकरणाला गुपचूप कळफलक बनवून संगणकावर हव्या त्या आज्ञा टंकित करता येतात हे दाखवून दिले. तो प्रकार बॅडयूएसबी या नावाने ओळखला जातो. आपला बोर्ड तंत्रतः त्याच जातीचा आहे. म्हणून जोडताच आपोआप काहीही टंकित करू नये, पेटीवर उपकरणाचे नाव व काम लिहावे, कार्यक्रमाची प्रत कार्यालयात ठेवावी आणि संगणकाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी अनुमती घ्यावी. कोणी अनोळखी बोर्ड आणून दिला तर तो जोडू नये, हे ओघाने आलेच.

उत्पादक क्रमांकाचाही विचार करावा. दुसऱ्या कंपनीचा क्रमांक उचलून वापरणे योग्य नाही. एकाच उपकरणासाठी सर्किटपायथनचा मूळ क्रमांक चालतो. अनेक केंद्रांसाठी उपकरणे करावयाची झाल्यास पीआयडी.कोड्स हा उपक्रम मुक्त-स्रोत प्रकल्पांना षोडशमान १२०९ या उत्पादक क्रमांकाखाली स्वतंत्र उत्पादन क्रमांक देतो. तो 'बूट.पीवाय'मध्ये 'सेट_यूएसबी_आयडेंटिफिकेशन' या आज्ञेने घालता येतो आणि उपकरणाचे नावही तेथेच देता येते.

पडताळणी

प्रथम काट्याशिवाय चाचणी घ्यावी. बोर्डात कार्यक्रमानेच १.११, २२.२२, १००.००१ अशी समान अंकांची वजने भरून नोटपॅडवर शंभर ओळी टंकित कराव्यात. विंडोजने ४३ हा त्रुटी-क्रमांक दाखविला तर डिस्क्रिप्टरची मागणी अपुरी राहिली असा अर्थ होतो. केबल आणि जोड तपासावेत. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा 'व्ही' या पर्यायासह दिली असता बोर्डाचा संपूर्ण परिचय वाचता येतो आणि पेन ड्राइव्ह खरोखर बंद झाला का हे दिसते. नंतर काटा जोडून प्रमाणित वजने ठेवावीत आणि काट्यावरील आकडा व तक्त्यातील आकडा पन्नास वेळा ताडून पाहावा. पहिल्या हंगामात वहीतील नोंद चालूच ठेवावी.

काटा नसलेल्या शेतकरी गटांना लोड सेल व एचएक्स७११ ही चिप वापरून स्वतःचे वजनयंत्र करता येते आणि यूएसबीचा भाग हाच राहतो. मात्र असे यंत्र केवळ स्वतःच्या नोंदींसाठी वापरावे. माल विकताना-घेताना वापरावयाचा काटा वैध मापन अधिनियम, २००९ नुसार पडताळून मुद्रांकित केलेलाच हवा.

शेतावर संगणक नसेल तर ओटीजी केबल लावून हाच बोर्ड ओटीजीची सोय असलेल्या अँड्रॉइड फोनला जोडता येतो आणि फोनवरील तक्त्यात आकडे उमटतात. फोन कॅप्स लॉकचा निरोप बोर्डाला देईलच असे नाही. तेथे ती अट काढून त्याऐवजी बोर्डावरील बटण दाबून धरण्याची अट घालावी. हा दुसरा कार्यक्रम वेगळ्या बोर्डात भरावा आणि दोन्ही बोर्डांवर 'संगणक' व 'फोन' अशा पट्ट्या चिकटवाव्यात.